निरोपाचं पत्र आणि आपलं राजकारण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या पावसाळ्यात लालबागमधल्या आमच्या चाळीच्या सामाईक खोलीत आम्ही दहा-बारा जणांनी अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याचं निरोपाचं पत्र वाचायला घेतलं. एका बैठकीत संपेल असं वाटलं होतं, पण चार रविवार लागले. त्यानंतर, जणू त्याच पत्राला उत्तर म्हणून, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण वाचलं. तेव्हापासून शेजारी, नातेवाईक आणि कॉलेजातली मुलं तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत म्हणून हे पान.

हे भाषण होतं का?

नाही. वॉशिंग्टननं हे शब्द कुणापुढे उभं राहून उच्चारलेच नाहीत. १९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फियातल्या डेव्हिड क्लेपूलच्या दैनिकात ते छापून आले. सुरुवातीला मित्रांना आणि सहनागरिकांना साद, शेवटी सही आणि मध्ये सुमारे सहा हजार शब्द. नवा राष्ट्राध्यक्ष निवडायची वेळ जवळ आली होती. आपलं नाव पुन्हा कुणी पुढे करू नये म्हणून त्यानं आधीच सांगून टाकलं की मी आता थांबतो.

छपाई झाल्यावर क्लेपूल हस्तलिखित परत करायला गेला. ते हातातून सोडवत नाही, असं त्यानं बोलून दाखवलं, तेव्हा वॉशिंग्टननं ते त्यालाच देऊन टाकलं. आज ते न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे.

ते त्यानं स्वतः लिहिलं का?

विचार त्याचे, मसुद्याला हात इतरांचे. पहिला कार्यकाळ संपताना, १७९२ मध्येच, तो घरी जायला निघाला होता आणि तेव्हा राज्यघटनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या जेम्स मॅडिसननं एक मसुदा करून दिला होता. त्या वेळी एकमेकांचं तोंड न पाहणारे त्याचे दोन मंत्री, हॅमिल्टन आणि जेफरसन, एका गोष्टीवर मात्र एकमतानं बोलले : तुम्ही जाऊ नका. तो थांबला. चार वर्षांनी जुना मसुदा बाहेर काढून त्यानं हॅमिल्टनकडे दिला, आलेला मजकूर स्वतः तासला, कापला, शब्द बदलले. तोवर मॅडिसन आणि हॅमिल्टन दोन विरुद्ध गोटांत गेले होते. गटबाजीपासून सावध करणाऱ्या पत्रावर दोन्ही गोटांच्या म्होरक्यांचा हात फिरलेला आहे, हे वाचताना लक्षात ठेवावं.

मुंबईत बसून सव्वादोनशे वर्षांहून जुनं परक्या देशाचं पत्र कशाला वाचायचं?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला आहे आणि तो रास्त आहे. तिथली परिस्थिती आपली नव्हे. तिथे राजा नुकताच झुगारला होता आणि राज्यघटनेला दहा वर्षंही झाली नव्हती. पण सत्तेच्या शिखरावर बसलेला आणि कुणी हटवू शकत नाही असा माणूस स्वतःहून उठतो, आणि उठताना सांगतो की माझ्या माघारी तुमचं घर कुठून पोखरलं जाईल, असे प्रसंग इतिहासात मोजकेच आहेत. शत्रू बाहेरून येईल, एवढंच तो सांगत नाही. तुम्हीच एकमेकांवर इतके चिडाल की शेवटी स्वातंत्र्याचाच कंटाळा येईल, हे तो सांगतो. हे वाचताना मला वॉशिंग्टन दिसला नाही, आमची चाळ दिसली. ते पुढे सांगतो.

पक्षांबद्दल तो नेमकं काय म्हणतो?

पत्राचा गाभा हाच आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

पक्षभावना माणसाच्या स्वभावातच आहे, ती मुळासकट उपटता येत नाही, हे तो आधीच मान्य करतो. ही आग विझणारी नाही, असं तो म्हणतो. मात्र तिच्यावर सतत नजर हवी, नाहीतर ऊब देण्याऐवजी ती घर जाळेल. मग ती काय काय करते तेही सांगतो. खोट्या अफवा आणि निराधार संशय पसरवते, समाजाच्या एका भागाला दुसऱ्यावर उठवते, कधी दंगे घडवते, आणि परकीय पैशाला नि प्रभावाला दार उघडून देते. व्हॉट्सअॅप नव्हतं तेव्हाची ही यादी आहे.

पण सगळ्यात महत्त्वाची आहे ती पुढची साखळी. एक गट सत्तेवर येतो आणि दुसऱ्याला ठेचतो. मग दुसरा येतो आणि सूड घेतो. ही आलटून पालटून चालणारी सूडाची सत्ता म्हणजेच एक भयानक जुलूम आहे, असं तो म्हणतो. तिथेच हे थांबत नाही. या धुमश्चक्रीला लोक विटतात. त्यांना शांतता हवी असते, सुरक्षितता हवी असते, आणि ती ते एकाच माणसाच्या निरंकुश सत्तेत शोधू लागतात. मग कुठल्यातरी गटाचा, इतरांपेक्षा हुशार किंवा नशीबवान असलेला पुढारी ही संधी साधतो आणि स्वातंत्र्याच्या पडक्या भिंतींवर स्वतःचा वाडा चढवतो.

आता आमच्या चाळीचं सांगतो. आमच्याकडे एकच गणपती बसायचा. मंडळात दोन पक्षांचे कार्यकर्ते होते आणि वर्षानुवर्षं मिळून आरत्या म्हणायचे. मग एका निवडणुकीनंतर वाजलं. एका गटाच्या हातात मंडळ गेलं तेव्हा त्यांनी आधीच्यांचा हिशेब चव्हाट्यावर मांडला. दोन वर्षांनी दुसरा गट आला, त्यांनी फलकावरून आधीच्या अध्यक्षांची नावंच पुसून काढली. तिसऱ्या वर्षी एकाच चाळीत दोन मांडव पडले. मंडळाचे पितळी टाळ जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत, पेटीला दोन कुलुपं, एकेक किल्ली एकेका गटाकडे. त्या वर्षी दोन्हीकडच्या आरत्या नुसत्या टाळ्यांवर झाल्या.

नेमका त्याच सुमाराला पुनर्विकासाचा प्रस्ताव आला. लोक भांडणाला इतके वैतागले होते की एका सर्वसाधारण सभेत ठराव झाला : सगळ्यांच्या वतीनं बोलणी करायचा, सह्या करायचा अधिकार एकाच माणसाला द्या, कटकट तरी संपेल. मीही हात वर केला होता. त्यानंतर तीन वर्षं सभा झाली नाही. तो माणूस प्रामाणिक होता की नव्हता, हा मुद्दाच नाही. त्याला प्रश्न विचारायची आमची सवयच मोडली. पत्रातला तो परिच्छेद वाचून झाला तेव्हा खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. त्या सभेत हात वर केलेले आम्ही सहाजण तिथे बसलो होतो.

म्हणजे पक्षच नकोत, असं म्हणायचं आहे का?

नाही, आणि इथे मी वॉशिंग्टनपेक्षा बाबासाहेबांच्या बाजूनं उभा आहे.

२५ नोव्हेंबरच्या त्या भाषणात बाबासाहेबांनी काँग्रेस पक्षाला श्रेय दिलं. पक्षाच्या शिस्तीमुळेच संविधान सभेत गोंधळ माजला नाही आणि मसुदा समितीला आपलं काम तडीस नेता आलं, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. आयुष्यभर ज्या पक्षाशी झगडले, त्याच्याबद्दल हे बोलायला केवढं मोठं मन लागतं! पण लगेच पुढे ते म्हणाले की सगळ्यांनीच पक्षशिस्त काटेकोर पाळली असती तर ही सभा नुसती होयबांचा मेळावा झाली असती. सुदैवानं काही बंडखोर होते. त्यांनी नावं घेतली : कामत, आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख, सिधवा, आणखी काही. या लोकांनी आपल्याला त्रास दिला, पण त्यांच्यामुळेच घटनेतली तत्त्वं उलगडून सांगायची संधी मिळाली, म्हणून त्यांनी त्यांचे आभार मानले.

पक्ष हवा आणि पक्षात बंडखोरही हवा. आज ते कठीण झालं आहे. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं. आयाराम-गयारामांना वेसण घालणं हा हेतू चांगला होता. पण पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, मोडून मत दिलं तर आमदारकी किंवा खासदारकी जाऊ शकते. एकट्यानं विवेकाला स्मरून उभं राहणारा अडचणीत येतो, आणि दोन-तृतीयांश आमदार घेऊन विलीनीकरण दाखवणाऱ्याला मात्र कायद्यातच वाट आहे. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत पक्ष फुटले, चिन्हांचे वाद झाले, प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. कोण बरोबर, कोण चूक यावर आमच्या खोलीतही एकमत नाही. पण मतदार या सगळ्यात कुठेच नव्हता, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे.

पक्षाभिमान बाजूला ठेवता येतो याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती उभी राहिली तेव्हा कम्युनिस्ट, प्रजा समाजवादी, शेकाप आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एका झेंड्याखाली आले. एरवी त्यांचं आपसांत पटणारं नव्हतं, आणि १ मे १९६० नंतर ते पुन्हा वेगळे झालेच. कायमचे एक झाले नाहीत याचं मला वाईट वाटत नाही. भांडण कुठे थांबवायचं हे त्यांना कळत होतं.

बाबासाहेबांनी वॉशिंग्टनचंच म्हणणं पुढे नेलं, असं म्हणता येईल का?

उसनं घेतलं असं नव्हे. दोघांची वाट एकाच खिंडीतून गेली, एवढंच. जाती आणि पंथ या जुन्या शत्रूंमध्ये आता परस्परविरोधी विचारांच्या अनेक पक्षांची भर पडणार आहे, भारतीय लोक देशाला पंथापेक्षा मोठं मानतील की पंथाला देशापेक्षा, असा प्रश्न बाबासाहेबांनी त्या दिवशी विचारला. पक्षांनी पंथ देशाहून मोठा मानला तर स्वातंत्र्य दुसऱ्यांदा धोक्यात येईल आणि कदाचित कायमचं जाईल, असंही बजावलं.

मग इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा दाखला देत ते म्हणाले की कितीही मोठा माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. देशासाठी आयुष्य वेचलेल्यांबद्दल कृतज्ञ राहण्यात गैर काही नाही, पण कृतज्ञतेलाही मर्यादा असते. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणात मात्र भक्ती म्हणजे अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास रस्ता.

मला दोन्ही इशारे एकाच दोरीची दोन टोकं वाटतात. वॉशिंग्टन सांगतो की सूडानं दमलेली माणसं एका माणसाकडे वळतात. बाबासाहेब सांगतात की आपल्या मातीत तर त्या वळण्याला भक्तीची तयार पायवाट आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर दर्शनाची रांग दादरच्या रस्त्यांवर लांबच लांब पसरते आणि शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल लागतात. रांगेत तासन्‌तास उभं राहून परतताना पिशवीत पुस्तकं घेऊन जाणारी माणसं पाहिली की मला वाटतं, ते भाषण समजलेली माणसं हीच.

दोनच कार्यकाळांचा नियम वॉशिंग्टननं घालून दिला ना?

नियम नाही, पायंडा. पत्रात दोन कार्यकाळांचं तत्त्व कुठेही मांडलेलं नाही. तो थकला होता, त्याला माउंट व्हर्ननला घरी जायचं होतं. तरी पायंडा दीर्घकाळ टिकला. १९४० मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट तिसऱ्यांदा निवडून आले, मग १९५१ मध्ये बाविसाव्या घटनादुरुस्तीनं तो कायदा झाला. आपल्याकडे पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री पदाला अशी मर्यादा नाही, संसदीय पद्धतीत सभागृहाचा विश्वास हीच मर्यादा मानली जाते. मला मुदतीपेक्षा उठण्याची रीत जास्त मोलाची वाटते. गावच्या सहकारी सोसायटीपासून नाट्यमंडळापर्यंत आपल्याकडे खुर्ची सोडताना मागे काय ठेवलं, हे लिहून देणारे फार थोडे.

दुसऱ्या देशांशी कायमची दोस्ती नको, असं तो म्हणाला होता का?

कायमच्या युत्या टाळा, असं म्हणाला. ‘गुंतवणाऱ्या युत्या’ हे त्याच्या नावावर खपणारे शब्द मात्र जेफरसनचे, १८०१ च्या भाषणातले. मला जास्त पटतं ते वॉशिंग्टनच्या पत्रात या सल्ल्याच्या आधी येणारं वाक्य. त्याचा आशय असा : जो देश दुसऱ्या देशाचा सवयीनं द्वेष करतो किंवा सवयीनं लाड करतो, तो आपल्याच रागाचा किंवा प्रेमाचा गुलाम होतो.

त्याच्याकडे गुलाम होते. मग त्याच्या उपदेशाची किंमत काय?

हा प्रश्न आमच्या पहिल्याच बैठकीत एका बी.ए.च्या मुलीनं विचारला. त्याला बगल देऊन पुढे जायचं नाही, असं आम्ही तेव्हाच ठरवलं.

सहा हजार शब्दांत गुलामगिरीबद्दल एक शब्द नाही. पत्र छापून येण्याच्या चार महिने आधी, २१ मे १७९६ रोजी, फिलाडेल्फियातल्या राष्ट्राध्यक्षांच्या घरातून ओना जज नावाची तरुणी निसटली. ती वॉशिंग्टनची पत्नी मार्था हिची गुलाम दासी होती. घरातली मंडळी जेवायला बसली असताना ती बाहेर पडली आणि जहाजानं न्यू हॅम्पशायरला पोहोचली. तिला आणून देणाऱ्याला १० डॉलर, अशी जाहिरात वृत्तपत्रात आली. स्वातंत्र्याचं मोल सांगणारं पत्र ज्या महिन्यांत तासलं जात होतं, त्याच महिन्यांत त्या घराचा मालक तिचा माग काढत होता. ती कधीच हाती लागली नाही. १८४८ मध्ये न्यू हॅम्पशायरमध्येच वारली. कागदोपत्री शेवटपर्यंत पळालेली, जगण्यात मुक्त.

वॉशिंग्टननं मृत्युपत्रात स्वतःच्या मालकीच्या १२३ जणांच्या मुक्ततेची तरतूद केली, तीही पत्नीच्या मृत्यूनंतर. ओना त्यांत बसतच नव्हती. ती मार्थाच्या पहिल्या पतीच्या मालमत्तेत मोजली जायची.

मग पत्र टाकून द्यायचं का? मला तसं वाटत नाही, पण ते एकटं वाचू नये एवढं पक्कं वाटतं. वॉशिंग्टनचा सगळा जीव संघराज्याच्या एकीत गुंतला होता, आणि त्या एकीच्या पोटात काय दडलं आहे याबद्दल तो गप्प राहिला. पासष्ट वर्षांनी त्याच प्रश्नावरून तो देश यादवी युद्धात पडला. ज्यांना जातीचा अन्याय पिढ्यान्‌पिढ्या सोसावा लागला, त्यांच्यातून आलेल्या माणसानं घटना लिहिली की काय फरक पडतो, ते आपण २५ नोव्हेंबरच्या भाषणात पाहतो. २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीनं भरलेल्या जीवनात पाऊल टाकतो आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, असं बाबासाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेत होरपळणारे लोक राजकीय लोकशाहीचा हा डोलारा उडवून लावतील, असंही सांगितलं. वॉशिंग्टनच्या पत्रातली कोरी जागा मला इथे भरलेली दिसते. त्या मुलीनं पुढच्या रविवारी ओना जजवर चार पानं लिहून आणली आणि वाचून दाखवली.

कर्ज आणि कर यांबद्दल काय आहे?

थोडक्यात आहे. कर्ज जपून काढा, शांततेच्या काळात फेडा, आपलं ओझं पुढच्या पिढीच्या डोक्यावर टाकू नका. आणि कुठलाही कर गैरसोयीचा नाही असा नसतोच, हे लोकांनीही समजून घ्यावं. निवडणुकीच्या तोंडावर हे बोलायची हिंमत आज कुठल्याच पक्षात नाही.

अधिकार एका ठिकाणी एकवटण्याबद्दलचा इशारा मुंबईला कसा लागू होतो?

एका खात्यानं दुसऱ्याच्या अधिकारांवर अतिक्रमण करू नये, घटना बदलायचीच तर ती घटनेनं सांगितलेल्या मार्गानं बदला, असं पत्र सांगतं. आडमार्गानं केलेला बदल एखाद्या वेळी भलंही करेल, पण स्वतंत्र राज्यं बुडवायचं नेहमीचं हत्यार तेच.

मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. प्रभागरचना आणि ओबीसी आरक्षणाचे वाद न्यायालयात होते आणि तीन वर्षांहून जास्त काळ कारभार प्रशासकाकडे राहिला. २२७ प्रभाग होते आणि एकही नगरसेवक नव्हता. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी, असं घटनेचं कलम २४३-यू सांगतं. प्रशासकानं वाईट काम केलं, असं माझं म्हणणं नाही. मला अस्वस्थ करतं ते हे, की आमच्या वस्तीत बहुतेकांना काही हरवलंय असं वाटलंच नाही. उलट, नगरसेवक नाहीत तेच बरं, भांडणं तरी नाहीत, असं कितीतरी जण म्हणाले. पुनर्विकासाच्या त्या सभेत आम्ही हेच म्हटलं होतं.

त्यानं स्वतःच्या चुका मान्य केल्या का?

केल्या. जाणूनबुजून चूक केल्याचं आठवत नाही, पण माझ्यातल्या उणिवा मला ठाऊक आहेत, तेव्हा पुष्कळ चुका झाल्या असतील, असं तो लिहितो. पंचेचाळीस वर्षांच्या सेवेनंतर लोकांनी त्या पोटात घालाव्यात, एवढीच त्याची विनंती.

बैठकीला यायचं तर काय वाचून यावं?

राज्यशास्त्राचा अभ्यास लागत नाही. पत्र सलग वाचायला बसलात तर मध्येच दमाल, त्या काळची वाक्यं लांबलचक आहेत. पक्षभावनेबद्दलचे परिच्छेद आधी वाचा. मग बाबासाहेबांच्या भाषणाचा उत्तरार्ध, जिथे ते मसुदा समितीचं सांगून झाल्यावर देशाच्या भवितव्याकडे वळतात, तिथपासून शेवटपर्यंत. न पटलेल्या वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारून आणा, चर्चा तिथूनच सुरू होते. बैठक रविवारी सकाळी दहाला असते. सामाईक खोलीची किल्ली आता एकच आहे आणि ती जिन्याजवळच्या खिळ्याला टांगलेली असते.